प्रवासाची कादंबरी वाचून आल्यावर गटात बोलायचं काय?

नेरूळहून एका वाचकाचा प्रश्न आलाय, तो थोडक्यात असा: "आमच्या सोसायटीत दहा-बारा जणांचा वाचनगट आहे. यंदा आम्ही प्रवासाभोवती फिरणाऱ्या साहित्यिक कादंबऱ्या घ्यायच्या ठरवल्या. पण दर महिन्याला तेच होतं. दोघं-तिघं कथानक सांगतात, बाकीचे 'छान आहे', 'संथ आहे' म्हणतात, आणि कुणीतरी युरोप टूरचा विषय काढला की उरलेला वेळ त्यातच जातो. मतं मुद्द्याला धरून यावीत म्हणून काय करावं? आणि पुस्तकं कुठली घ्यावीत?"

मी ठाण्यात बरीच वर्षं असा गट चालवते आहे. तुम्ही जे चित्र रंगवलंय ते कुठल्याही गटात दिसेल, त्यामुळे सभासदांच्या शिस्तीवर खापर फोडू नका. नियम वाढवून हे सुटत नाही. मुळात माणसं प्रवासाची कादंबरी प्रवासवर्णनासारखी वाचतायत, आणि तिथेच चर्चा अडते असं मला वाटतं.

यात त्यांचा काही गुन्हा नाही. आपण मराठी वाचक प्रवासवर्णनावरच वाढलो. पेणजवळच्या वरसईचे गोडसे भटजी 1857च्या धामधुमीत उत्तरेत सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' 1907 साली छापून आला आणि आजही लोक तो आवडीनं वाचतात. पुढे पुलंच्या 'अपूर्वाई'नं तर कित्येक घरांना परदेश पहिल्यांदा दाखवला. या लेखनात लेखक आणि वाचक यांच्यात सरळ बोली असते: मी गेलो, मी पाहिलं, आता तुम्हाला सांगतो. मग वाचकही साहजिकच विचारतो की जागा कशी आहे, माहिती बरोबर आहे का, आपण गेलो तर काय बघावं. हेच प्रश्न कादंबरीला विचारले की दोन मिनिटांत उत्तरं संपतात आणि पुढचा तास मोकळा राहतो. तो टूरच्या गप्पांनी भरणारच.

कादंबरीत बघणारा माणूसच लेखकानं घडवलेला असतो. तो चुकीचं बघू शकतो, अर्धवट बघू शकतो, समोरचं अजिबात न बघता निघून जाऊ शकतो. लेखकाला पुष्कळदा तेच सांगायचं असतं. म्हणून माझ्या गटात प्रवासाची कादंबरी असली की मी एकच प्रश्न आधी देऊन ठेवते: या प्रवाशाला काय दिसलं नाही? वाचायला सुरुवात करण्याआधीच तो सांगायचा, बैठकीत ऐनवेळी नाही. कारण या प्रश्नाचं उत्तर कथानकात सापडत नाही. त्यासाठी पानं उलटावी लागतात, परत मागे जावं लागतं.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. यांग श्वांग-त्झ या तैवानी लेखिकेची 'तैवान ट्रॅव्हलॉग' आम्ही लिन किंग यांच्या इंग्रजी अनुवादात वाचली. या अनुवादाला 2024 साली अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. काळ 1938चा, तैवानवर जपानची सत्ता. आओयामा नावाची जपानी कादंबरीकार तिथे येते, आगगाडीनं बेट पालथं घालते आणि मनसोक्त खाते. प्रकरणांना नावंही खाद्यपदार्थांचीच आहेत. सोबतीला चिझुरू ही तैवानी दुभाषी. 2020 साली मूळ चिनी पुस्तक आलं तेव्हा ते एका जुन्या जपानी प्रवासवर्णनाचा अनुवाद असल्याच्या थाटात आलं होतं, आणि काही वाचकांना ते खरंच वाटलं म्हणून तिकडे वादही झाला. म्हणजे मी वर म्हटलं ती प्रवासवर्णनाची बोली या लेखिकेनं जाणूनबुजून वापरली आहे.

आमच्या बैठकीत सुरुवात तक्रारीनंच झाली. एक गृहस्थ म्हणाले, पानोपानी खाणं, मी कंटाळलो. आणखी दोघांनी मान डोलावली. तिथे मी त्यांची समजूत काढली नाही. कुठल्या पानावर कंटाळलात ते वाचून दाखवा, एवढंच म्हटलं. त्यांनी एक लांबलचक जेवण वाचलं. ते संपल्यावर आमच्यातली एक मुलगी बोलली. ती महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत जपानी पाहुण्यांसाठी दुभाष्याचं काम करते. तिनं आपल्या पुस्तकात पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या, आणि त्या सगळ्या चिझुरूच्या हसण्यावर होत्या. आओयामाला ते हसू 'नो' या जुन्या जपानी नाट्यप्रकारातल्या मुखवट्यासारखं वाटतं. मुलगी म्हणाली, "हे हसू मी रोज हसते. पाहुण्यांना वाटतं मला मजा येतेय. चिझुरूला काय खायचंय हे या पुस्तकात आओयामा कितीदा विचारते ते बघा, आणि विचारल्यावर उत्तर ऐकायला थांबते का तेही बघा." मग सगळे पानं चाळायला लागले. आओयामा मनानं वाईट नाही. सत्तेच्या प्रचारासाठी लेखणी झिजवायला तिला आवडत नाही, चिझुरूवर तिचा खरोखर जीव आहे. पण ज्या देशाची ती आहे त्याची सत्ता दोघींच्या मध्ये बसलीय, हे तिला दिसत नाही. तक्रार करणारे गृहस्थ शेवटी म्हणाले की मग एवढं खाणं लिहिलं ते बरोबरच आहे, देणारी कोण आणि घेणारी कोण ते त्यातूनच कळतं. त्यांचं मत बदलायलाच हवं होतं असं मात्र नाही. ते कंटाळ्यावर ठाम राहिले असते तरी चाललं असतं, कारण आता कंटाळ्याला पान सापडलं होतं.

यावरून मी काय करते ते तुमच्या लक्षात आलं असेल. मत सांगायचं तर पान उघडून सांगायचं. आमच्याकडे प्रत्येकानं एक परिच्छेद निवडून आणायचा, मोठ्यानं वाचायचा आणि तोच का निवडला ते दोन-चार वाक्यांत सांगायचं. कथानक कुणीही सांगत नाही, सूत्रं सांभाळणारीनं सुरुवातीला पाच मिनिटांत ते सांगून मोकळं व्हायचं. 'आवडलं' म्हणायला पूर्ण मुभा आहे, फक्त कुठे आवडलं ते दाखवायचं. याचा एक फायदा आधी माझ्याही ध्यानात नव्हता: जी माणसं एरवी गप्प बसतात, विशेषतः ज्यांना साहित्याच्या परिभाषेची भीती वाटते, त्यांना वाचून दाखवायला सांगितलं की आवाज फुटतो. परिच्छेद निवडणं हेच त्यांचं मत असतं आणि पुष्कळदा ते सगळ्यात नेमकं असतं.

आता टूरच्या गप्पांचं. त्यांच्यावर बंदी घालू नका. माणसं आयुष्यभर पै-पै साठवून एकदा स्वित्झर्लंड बघून येतात. त्यांना बोलावंसं वाटणारच, आणि त्या अनुभवात कादंबरी समजून घ्यायला लागणारा मसाला असतो. वरच्या उदाहरणातल्या मुलीनं स्वतःचाच अनुभव सांगितला होता. पण तो एका पानाला जोडून होता, म्हणून सगळ्यांच्या उपयोगी पडला. आम्ही एवढंच पाळतो की आपली गोष्ट सांगायची तर आधी पुस्तकातली जागा सांगायची, मग आपली. ज्यांना नुसते फोटो दाखवायचे असतात त्यांच्यासाठी चहाची वेळ आहे. पण हा क्रम सूत्रं सांभाळणाऱ्यानं पहिल्या दिवसापासून, हसतमुखानं आणि न चुकता पाळायला हवा. एकदा सूट दिली की पुढच्या महिन्यात तीच रीत होते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्याबद्दल मी इथून छातीठोक सांगणार नाही. तुमच्यात निवृत्त मंडळी जास्त असतील तर जाड पुस्तक चालेल. ट्रान्स-हार्बर लोकलनं ठाण्याला ये-जा करणारी नोकरदार माणसं असतील तर उभ्यानं वाचता येईल असं, लहान तुकड्यांचं पुस्तक बरं. सगळे इंग्रजी सहज वाचतात का, हेही स्पष्टपणे पण एकेकट्याला विचारून घ्या. चारचौघांत कुणी 'मला जमत नाही' म्हणत नाही, आणि मग न वाचताच येतं. आमच्याकडे वर्षातली निम्मी पुस्तकं तरी मराठी किंवा हिंदी असतात ती त्यामुळेच. दहा-बारा ही संख्या मात्र चांगली आहे, ती वाढवू नका. प्रत्येकाचा परिच्छेद व्हायला दीड-दोन तास लागतात.

पुस्तकांबद्दल बोलायचं तर तुमची सुरुवात मराठीतून व्हावी असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'सारखं दुसरं पुस्तक नाही. 1939 साली आलेली ही छोटी कादंबरी आहे, दुसरं महायुद्ध पेटलं त्याच वर्षीची. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावर घरी परतणारे भारतीय लोक आणि जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू. मुंबईला परतणारा चक्रधर आणि जर्मन ज्यू हॅर्टा यांची भेट या बोटीवरच होते. आठवड्यात वाचून होते. एखाद्या जुन्या ग्रंथालयाचे सभासद असाल तर विकतही घ्यावी लागणार नाही. ठाण्यात तर 1893 पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे.

'रणांगण'वर आमच्याकडे झालेली बैठक मला फार मोलाची वाटते. बहुतेकांनी प्रेमकथेवर बोलायला सुरुवात केली. चक्रधर असा का वागतो, प्रेमात पोळलेला माणूस दुसऱ्याच्या प्रेमावर विश्वास का ठेवत नाही, वगैरे. ते सगळं पुस्तकात आहेच. पण आमचे एक सभासद पनवेलकडचे, नवी मुंबई विमानतळासाठी जी दहा गावं उठली त्यांतल्या एका गावचे. ते सहसा बोलत नाहीत. ते म्हणाले, "बोट एकच आहे. जेवण तेच, डेक तोच. पण याला मुंबईला उतरायचंय, आणि तिला कुठे उतरायचं तेच ठाऊक नाही. मग दोघं प्रवासाला निघालेत असं कसं म्हणायचं?" त्यानंतर प्रेमकथेची चर्चाही बदलली. चक्रधरला हॅर्टा दिसते, तिचं प्रेमही दिसतं, पण तिच्या पायाखाली जमीन नाही म्हणजे नेमकं काय, हे त्याला कितपत दिसतं? बोटीवर नाच चालतो, थट्टामस्करी चालते, माणसं एकमेकांची मनं जिंकतात आणि मोडतात. वाचकाला मात्र ठाऊक असतं की काही महिन्यांत या समुद्रावर काय होणार आहे. 1939च्या वाचकाला ते पुरतं ठाऊक नव्हतं, हे डोक्यात ठेवून वाचलं तर बेडेकरांची नजर किती दूरवर पोचली होती ते कळतं. तुमच्या नवी मुंबईत तर गावठाणातली मूळ मंडळीही आहेत आणि बाहेरून येऊन वसलेलीही. दोघं एका टेबलाभोवती बसत असतील तर हे पुस्तक त्यांनी एकत्र वाचायलाच हवं.

दुसरं, गीतांजली श्री यांची 'रेत समाधि'. 2018 साली आलेली ही हिंदी कादंबरी. डेझी रॉकवेल यांच्या इंग्रजी अनुवादाला 2022 साली आंतरराष्ट्रीय बुकर मिळाला, हिंदीतल्या पुस्तकाला पहिल्यांदाच. हिंदी वाचू शकत असाल तर मूळच वाचा, अर्धी मजा भाषेच्या खेळात आहे. ऐंशीच्या घरातली आई नवरा गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहते, आणि पुढे सगळ्यांना थक्क करत पाकिस्तानात जाऊन पोचते. अडचण ही की पहिला मोठा भाग ती उठतच नाही. प्रवासाची कादंबरी म्हणून हातात घेतलेली माणसं इथेच गळतात, आमच्याकडेही गळली. पण मला विचाराल तर हा भागच पुस्तकाचा कणा आहे. सगळं घर त्या पाठीभोवती वावरतं, तिला उठवायला युक्त्या करतं, आणि ही बाई मुळात आली कुठून हा प्रश्न कुणालाच पडत नाही. न दिसणारं माणूस इथे घरातच आहे. ती सरहद्दीपलीकडे जाते तेव्हा वाचक तिच्यासोबत जाऊ शकतो, कारण त्यानं तिच्या पाठीशी एवढा वेळ काढलेला असतो. गळणाऱ्यांना मी एक सवलत देते: ती अंथरुणातून उठेपर्यंत वाचा, त्यानंतर सोडायचं असेल तर सोडा. त्यानंतर सहसा कुणी सोडत नाही.

सामंथा हार्वी यांची 'ऑर्बिटल' सुचवावी की नाही याबद्दल माझं मन थोडं दुभंगलेलं आहे. 2024चा बुकर तिला मिळाला, पुस्तक लहान आहे. अंतराळ स्थानकातले सहा जण, एकच दिवस, पृथ्वीभोवती सोळा फेऱ्या, म्हणजे चोवीस तासांत सोळा सूर्योदय आणि सोळा सूर्यास्त. यात घटना जवळजवळ नाहीत, आणि 'याला कादंबरी म्हणायचं का' हा वाद होणार हे धरून चाला. माझं मत असं, की वर्णनं सुंदर आहेत पण मधल्या फेऱ्यांत सूर तोच तो लागतो, तिथे मी पानं भराभर उलटली. पण चिए या जपानी अंतराळवीराला वर असतानाच आई गेल्याचं कळतं, तो धागा मात्र मनातून जात नाही. दर दीड तासाला ती अख्ख्या पृथ्वीला वळसा घालते, जपान डोळ्यांखालून जातो, आणि आईच्या अंत्यविधीला मात्र जाता येत नाही. ज्यांची मुलं परदेशात आहेत अशी बरीच माणसं ठाण्या-नवी मुंबईतल्या गटांत असतात, ती या पानांवर गप्प होतात. गटात कुणी नुकतंच जवळचं माणूस गमावलं असेल तर हे पुस्तक थोडं पुढे ढकला. वाद मात्र टाळू नका. 'घटना नाहीत' म्हणणाऱ्याला विचारा की त्याला घटना कुठे हवी होती, कुठल्या फेरीत. उत्तर शोधताना तो पुस्तक दुसऱ्यांदा वाचेल.

ओल्गा तोकार्चुक यांची 'फ्लाइट्स' सगळ्यात शेवटी घ्या. शंभराहून अधिक लहानमोठे तुकडे आहेत, विमानतळ, हॉटेलं, जतन करून ठेवलेले मानवी अवयव, संगीतकार शोपँचं हृदय वॉर्सोला घेऊन जाणारी त्याची बहीण. लोकलमध्ये वाचायला सोयीचं, पण गटात चर्चा करायला अवघड, कारण प्रत्येकाला वेगळाच तुकडा लक्षात राहतो. आधीची पुस्तकं वाचून झालेल्या गटाला मात्र यात खूप सापडतं. क्रोएशियातल्या बेटावर सुटीत ज्याची बायको आणि मूल काही काळ नाहीसे होतात त्या कुनिट्स्कीची गोष्ट सगळ्यांनी वाचायचीच, असं ठरवलं तरी एक बैठक पुरते. त्याच्याजवळ नकाशा आहे, फोटो आहेत, पोलीस आहेत, आणि तरीही आपल्याच माणसांचं काय झालं ते त्याला कळत नाही.

पुस्तक पूर्ण न वाचता येणाऱ्यांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण पुढे पडेलच. आम्ही त्यांना येऊ देतो. त्यांनी जिथवर वाचलंय तिथलाच परिच्छेद निवडायचा, आणि शेवट उघड होईल याची तक्रार करायची नाही. चांगल्या कादंबरीचा शेवट कळला म्हणून ती वाचायची राहत नाही. 'रणांगण'चा शेवट आमच्यातल्या निम्म्यांना आधीच माहीत होता.

राहता राहिला तुमचा व्हॉट्सअॅप गट, कारण बहुतेक गटांची अर्धी चर्चा हल्ली तिथेच होते. तिथे लांब मतं लिहू देऊ नका, बैठकीची हवा निघून जाते. वाचताना जे पान थांबवेल त्याचा फोटो टाकायचा, खाली काहीही लिहायचं नाही, एवढंच ठेवा. पुढच्या महिन्यात 'रणांगण' घेतलंत तर कोण कुठल्या पानाचा फोटो टाकतो ते बघा. चक्रधरची पानं जास्त येतील असा माझा अंदाज आहे. तसं झालं तर हॅर्टाचं एखादं पान बैठकीत तुम्हीच वाचा आणि बोलणं तिथून सुरू करा.